काँक्रीटमधील पाणी आणि झाडातील लिग्निन

चेन्नई शहराच्या नुंगंबाक्कम भागात, कॉलेज रोडवर, भारतीय हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. या केंद्राच्या आवारात ग्रॅनाइटचा एक जुना स्तंभ जपून ठेवलेला आढळतो. १७९२ साली मायकेल टॉपिंग याच्या देखरेखीखाली येथे मद्रास वेधशाळा उभी राहिली, तेव्हाचा हा अवशेष होय. याच वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन याने १८६१ साली एका लघुग्रहाचा शोध लावला व त्याला ‘एशिया’ असे नाव दिले. पुढे १८९९ मध्ये खगोलवेधाचे काम कोडाईकनालला हलविण्यात आले. हवामानाच्या नोंदी मात्र नुंगंबाक्कमलाच होत राहिल्या. शहरात किती तापले हे सांगताना वृत्तपत्रे आजही नुंगंबाक्कमचा आकडा देतात. ३१ मे २००३ रोजी हा आकडा ४५ अंश सेल्सिअसवर गेला होता.

तापमापकाच्या या आकड्याकडे शेतकरी आणि कोळी यांच्याप्रमाणेच बांधकामावरील अभियंत्याचेही लक्ष असते. हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की काँक्रीट ओतताना विशेष दक्षता घ्यावी, असे भारतीय मानक सांगते. उन्हात माणसे थकतात म्हणून ही सूचना केलेली नाही. उन्हात काँक्रीटच अडचणीत येते. ही अडचण समजावून घेतली म्हणजे झाडाच्या खोडातील एक तपकिरी पदार्थ सिमेंटच्या उपयोगी कसा पडतो, हे कळणे सोपे जाईल.

‘स्लॅब सुकला’ असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः सिमेंट सुकून घट्ट होत नाही. ते पाण्याशी रासायनिक संयोग पावून घट्ट होते. या क्रियेला सजलीकरण म्हणतात. म्हणूनच गवंडी नव्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवितो आणि भिंतींवर पाणी मारीत राहतो. रासायनिक क्रियांचा वेग उष्णतेने वाढतो, हा नियम सजलीकरणालाही लागू आहे. मे महिन्याच्या दुपारी काँक्रीट लवकर आवळू लागते, त्यातील पाणी वाफ होऊन उडून जाते आणि कारखान्यातून निघालेला मालमोटारीवरील फिरता पिंप कामावर पोचेपर्यंत आतला माल जड झालेला असतो. अशा वेळी कामावर जो उपाय होतो तो सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणीतरी एक बादली पाणी ओततो आणि माल पुन्हा सैल होतो. त्या क्षणी कोणाचेच काही बिघडत नाही. बिघडते ते वीस वर्षांनी त्या घरात राहणाऱ्याचे.

असे का होते, याचे उत्तर अमेरिकेतील संशोधक डफ एब्रॅम्स याने १९१८ साली दिले. असंख्य ठोकळे फोडून पाहिल्यावर त्याला असे आढळले की, काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या वजनांच्या प्रमाणावर अवलंबून असते. पाणी जितके जास्त तितकी ताकद कमी. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याचे पुरते सजलीकरण व्हायला साधारण २० लिटर पाणी पुरते. पण एवढ्याच पाण्यात कालवलेले काँक्रीट इतके घट्ट असते की, ते सळ्यांच्या जाळीत नीट शिरत नाही. म्हणून कामावर २५ ते ३० लिटर पाणी घातले जाते, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. जादा पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. ते नंतर उडून जाते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या ठेवते. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात या पोकळ्यांतून खारी हवा व ओल आत झिरपते, सळ्या गंजतात, गंजताना फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. मुंबईतील किंवा रत्नागिरीकडील जुन्या इमारतींच्या सज्ज्यांखाली मान वर करून पाहिले, तर हेच दृश्य दिसते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. २० लिटर पाणी पुरत असताना काँक्रीट सैल करण्यास २५ किंवा ३० लिटर का लागावे? याचे कारण सिमेंटच्या कणांच्या स्वभावात आहे. पाणी मिळताच हे सूक्ष्म कण सुटे राहत नाहीत. पृष्ठभागांवरील निरनिराळ्या विद्युत्‌भारांमुळे ते एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. पिठात एकदम पाणी ओतल्यावर गुठळ्या होतात आणि गुठळीच्या आत काही पीठ कोरडेच राहते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की, सिमेंटच्या पुंजक्यांत पाणी अडकून पडते. ते ना कणांना वंगणासारखे उपयोगी पडते, ना सर्व कणांपर्यंत सारखे पोचते. हे पुंजके फोडणारा एखादा पदार्थ मिळाला, तर अडकलेले पाणी मोकळे होईल आणि बाहेरून जादा पाणी घालण्याची गरज राहणार नाही.

असा पदार्थ वनस्पतीपासून मिळावा, ही कल्पना मद्रासला नवी नव्हती. सिमेंट येण्यापूर्वी या शहराची कीर्ती तेथील चुन्यामुळे होती. समुद्री शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा घोटून घोटून इतका गुळगुळीत करीत की, परदेशी प्रवाशांना खांब संगमरवराचे वाटत. सेंट हेलिना बेटाचा गव्हर्नर आयझॅक पाइक याने मद्रासच्या चुन्याची कृती लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविली व ती सोसायटीच्या नियतकालिकात १७३२ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. त्या कृतीत चुना आणि वाळू तर आहेतच, शिवाय गुळाचे पाणी आहे, शिजवून गाळलेल्या कडधान्याची पेज आहे आणि हिरड्याचा काढाही आहे. महाराष्ट्रातील वाचकाला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही चुना बैलाच्या घाणीत मळताना त्यात गूळ आणि हिरडा घालण्याची चाल होती.

गुळामुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो आणि आवळण्यास वेळ घेतो. हिरड्यात टॅनिन असते. टॅनिन आणि लिग्निन यांच्या रेणूंत एक साम्य आहे. दोहोंतही कार्बनची सहा कोनी वलये असतात आणि त्या वलयांना हायड्रॉक्सिल गट जोडलेले असतात. जुन्या गवंड्याला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होते ते एवढेच की, काढा घातलेला चुना हाताखाली मऊ चालतो व पुढे दगडासारखा होतो. रसायनशास्त्राने याची कारणे बऱ्याच काळाने शोधली. मात्र यावरून लिग्निनचा शोध चुन्याच्या घाणीतून लागला, असे कोणी समजू नये. तो वेगळ्याच वाटेने लागला.

लिग्निन म्हणजे काय? लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोजच्या धाग्यांची मोळी होय. या धाग्यांना एकत्र बांधणारे आणि त्यांना ताठपणा देणारे द्रव्य म्हणजे लिग्निन. लाकडासाठी असलेल्या ‘लिग्नम’ या लॅटिन शब्दावरून द कॅन्डोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ साली हे नाव योजले. लिग्निन नसते तर नारळाचे झाड आभाळापर्यंत उभे राहू शकले नसते. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात वजनाच्या पाव हिश्शाहून अधिक लिग्निन असते, उसाच्या चिपाडात सुमारे पाचवा हिस्सा. सेल्युलोजखालोखाल वनस्पतिसृष्टीत विपुल असलेले हे बहुवारिक आहे. तरीही उद्योगधंद्यात त्याच्याकडे दीर्घकाळ अडगळ म्हणूनच पाहिले गेले.

या अडगळीचे मूळ कागदाच्या कारखान्यात आहे. कागद करायचा म्हणजे सेल्युलोजचे धागे सुटे करायचे आणि त्यांना बांधणारे लिग्निन विरघळवून काढून टाकायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यासाठी सल्फाइट पद्धत प्रचारात आली. टिल्घमन या अमेरिकन संशोधकाने ती सुचविली व स्वीडनमध्ये एकमन याने १८७४ साली तिच्यावर कारखाना चालविला. या पद्धतीत लाकडाचे तुकडे सल्फाइटच्या द्रावणात दाबाखाली शिजवितात. लिग्निनच्या रेणूला सल्फोनिक गट चिकटतो आणि एरवी पाण्याला दाद न देणारे लिग्निन पाण्यात विरघळू लागते. हेच लिग्नोसल्फोनेट. लगदा गाळून घेतला की उरलेले तपकिरी पाणी नदीत सोडून देत. नद्यांत मासे मरू लागल्यावर आणि तक्रारी वाढल्यावर या पाण्याचे काय करावे, हा प्रश्न कारखानदारांना भेडसावू लागला. कोणी ते धुळीच्या रस्त्यांवर शिंपडून पाहिले, कोणी त्याने चामडे कमावून पाहिले. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत ते काँक्रीटमध्ये घालून पाहण्यात आले आणि त्यासंबंधीची पेटंटेही निघाली. काँक्रीट कमी पाण्यात सैल झाले व आवळण्यास वेळही घेऊ लागले.

लिग्नोसल्फोनेटचा रेणू दुहेरी स्वभावाचा आहे. त्याचा वलयांचा भाग सिमेंटच्या कणाला जाऊन चिकटतो आणि सल्फोनिक गट पाण्याकडे तोंड करून राहतात. या गटांवर ऋण विद्युत्‌भार असतो. परिणामी प्रत्येक कणाभोवती ऋण भाराचे आवरण तयार होते आणि समान भाराच्या वस्तू परस्परांना दूर लोटतात, या नियमानुसार पुंजके फुटतात. अडकलेले पाणी सुटते. शिवाय कणाचा पुष्कळसा पृष्ठभाग झाकला गेल्यामुळे त्याचे सजलीकरणही प्रारंभी मंदावते. नुंगंबाक्कमच्या मे महिन्यात हवे असतात ते हे दोन्ही परिणाम: पाणी कमी आणि हाताशी वेळ अधिक.

हिशेब करून पाहिल्यास मुद्दा अधिक स्पष्ट होईल. एक घनमीटर काँक्रीटसाठी ३५० किलो सिमेंट आणि १७५ लिटर पाणी घेतले, असे समजू. पाणी व सिमेंट यांचे प्रमाण ०.५ झाले. यात सिमेंटच्या वजनाच्या ०.२ टक्के, म्हणजे ७०० ग्रॅम लिग्नोसल्फोनेट घातले. साध्या लिग्नोसल्फोनेटने ५ ते १० टक्के पाणी वाचते. आपण ८ टक्के धरू. तेवढ्याच सैलपणासाठी आता १६१ लिटर पाणी पुरेल. सिमेंट तेवढेच ठेवले तर प्रमाण ०.४६ होऊन ताकद वाढेल. ताकद पूर्वीइतकीच पुरेशी असेल, तर प्रमाण ०.५ राखून ३२२ किलो सिमेंटमध्ये काम भागेल. २८ किलो सिमेंट वाचले, म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त. घालावे लागलेले द्रव्य पाऊण किलोहून कमी.

२८ किलोंचे महत्त्व केवळ पैशांत मोजून भागत नाही. सिमेंट करताना चुनखडी भाजावी लागते आणि भाजताना तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीतील कोळशाचा धूर आणखी वेगळा. दोन्ही मिळून एक किलो साध्या पोर्टलँड सिमेंटमागे ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मानवी व्यवहारांतून जगात होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. वरील उदाहरणात एका घनमीटरमागे २२ ते २५ किलो वायू कमी झाला. भारतात पोर्टलँड सिमेंटचा पहिला प्रयत्न मद्रासमध्येच, १९०४ साली, समुद्री शिंपल्यांपासून झाला होता. आज भारत सिमेंटच्या उत्पादनात चीनखालोखाल जगात दुसरा आहे. तेव्हा वाचलेल्या प्रत्येक पोत्याचा हिशेब मोठ्या संख्येने गुणावा लागतो.

आता या द्रव्याचे दोष. लाकूड शिजविताना लिग्निनबरोबर साखरही द्रावणात उतरते, आणि साखर ही सिमेंटची वैरीण आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर आवळण्याची क्रिया काही तास लांबविते. प्रमाण १ टक्क्याच्या जवळपास गेले तर सिमेंट घट्ट होण्याचे जवळजवळ थांबते. म्हणून चांगल्या प्रतीच्या लिग्नोसल्फोनेटमधून साखर काढून टाकलेली असते. सूचिपर्णी लाकडाच्या द्रावणातील साखर आंबवून तिचे मद्यार्क करतात, ही त्यातल्या त्यात फायद्याची युक्ती. साखर काढल्यावरही द्रव्याची मात्रा चुकून दुप्पट तिप्पट पडली, तर दुसऱ्या दिवशी साचा सोडविताना काँक्रीट बोटाने खरवडण्याइतके मऊ आढळते. असे काँक्रीट ओले ठेवून धीर धरल्यास बहुधा सावरते, पण साचा आधीच काढला असेल तर धीर धरायला जागा उरत नाही.

दुसरा दोष हवेचा. लिग्नोसल्फोनेटमुळे साबणाप्रमाणे फेस येतो व काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे राहतात. एक टक्का जादा हवेने ताकद सुमारे ५ टक्क्यांनी घटते, तेव्हा पाणी वाचवून मिळविलेले हवेत गमावण्याचा संभव असतो. यासाठी फेस मोडणारे दुसरे द्रव्य सोबत घालावे लागते. तिसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. सिमेंट फार झटपट आवळू नये म्हणून कारखान्यात त्यात जिप्सम दळतात. जिप्समऐवजी निर्जल कॅल्शियम सल्फेट वापरलेले असेल, तर लिग्नोसल्फोनेट त्याच्या विरघळण्यात अडथळा आणते आणि आवळणे लांबविणारे हे द्रव्य उलट काँक्रीट काही मिनिटांत ताठ करून टाकते. एका कंपनीच्या सिमेंटवर उत्तम चाललेले द्रव्य दुसऱ्या कंपनीच्या सिमेंटवर फसते, याची जी कारणे आहेत त्यांपैकी हे एक.

घालण्याच्या वेळेलाही महत्त्व आहे. पाण्याबरोबरच द्रव्य घातले, तर सिमेंटमधील ॲल्युमिनेट नावाचा घटक त्यातील बराचसा भाग आधीच गिळून बसतो. पाणी घालून एक दोन मिनिटे माल फिरवावा आणि मग द्रव्य घालावे. एवढ्याने तेवढ्याच मात्रेचा परिणाम स्पष्टपणे वाढतो. आमटीत कोथिंबीर शेवटी घालावी हे गृहिणीला सांगावे लागत नाही. काँक्रीटच्या यंत्रावरील कामगाराला मात्र हे कोणी सांगत नाही, आणि द्रव्य महाग असूनही उपयोग नाही, असा बोभाटा होतो.

१९६० नंतर लिग्निनला प्रतिस्पर्धी मिळाले. जपानमध्ये नॅफ्थॅलीनपासून आणि जर्मनीत मेलॅमाइनपासून अधिक प्रभावी द्रव्ये तयार झाली. १९८० नंतर जपानमध्येच पॉलिकार्बॉक्सिलेट जातीची द्रव्ये निघाली. ही पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत, प्रसंगी त्याहूनही जास्त, बचत करू शकतात. उंच इमारती व मोठे पूल यांच्या बाबतीत लिग्निन त्यांच्यापुढे टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही सर्व द्रव्ये खनिज तेल व वायू यांच्यावर पोसलेली आणि महाग आहेत. साधे घर, साधा रस्ता, शेततळ्याचा बांध यांना ३० टक्क्यांची गरज नसते. तेथे लिग्निन पुरेसे आहे.

मग भारतात लिग्निनला तोटा का असावा? बल्लारपूरसारख्या ठिकाणी बांबू व लाकूड शिजविले जाते. तमिळनाडू सरकारने १९७९ साली स्थापन केलेला कागद कारखाना करूर जिल्ह्यात १९८४ पासून उसाच्या चिपाडापासून कागद करतो. पण येथील पद्धत सल्फाइटची नाही. बहुतेक भारतीय कारखाने दाहक सोडा किंवा त्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड वापरतात. त्यातून निघणाऱ्या काळ्या द्रावातील लिग्निन साध्या पाण्यात विरघळत नाही. सिमेंटला उपयोगी पडावे म्हणून त्याला सल्फोनिक गट निराळा जोडावा लागतो. मोठे कारखाने या खटाटोपात पडत नाहीत. ते काळा द्राव आटवून बॉयलरमध्ये जाळतात, त्यातून वाफ व वीज मिळवितात आणि सोडा परत मिळवितात. करूरच्या कारखान्याने तर आपल्या चुन्याच्या गाळापासून आणि राखेपासून सिमेंट करण्याचाही कारखाना घातला आहे. एकाच आवारात एका बाजूला सिमेंट तयार होते आणि दुसऱ्या बाजूला सिमेंटची बचत करू शकणारे लिग्निन बॉयलरमध्ये जाते. सोडा परत मिळविण्याची सोय नसलेल्या लहान कारखान्यांनी अनेक वर्षे हा द्राव ओढ्या नाल्यांत सोडला. पाण्याला येणारा तो न जाणारा तपकिरी रंग लिग्निनचाच.

लिग्निन जाळणे म्हणजे ते वाया घालविणे नव्हे, असे कारखानदार म्हणतात. त्यात तथ्य आहे. लिग्निन काढून घेतले तर तेवढ्या उष्णतेसाठी कोळसा आणावा लागेल. पण हाही हिशेब मांडता येतो. वरील उदाहरणातील ७०० ग्रॅम लिग्निन जाळून जेवढी उष्णता मिळेल, तेवढी भारतीय कोळशाच्या सुमारे एक किलोतून मिळते. तो कोळसा जाळल्याने दीड ते पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड निघेल. तेच ७०० ग्रॅम काँक्रीटमध्ये गेले तर २२ किलो वाचतात. लिग्निन वेगळे काढणे, धुणे, त्यावर सल्फाइटची प्रक्रिया करणे यांचा खर्च यातून वजा केला तरी पारडे काँक्रीटकडेच झुकते. अर्थात काळ्या द्रावातील सर्व लिग्निन काढावे, असे कोणी सुचवीत नाही. थोडा भाग काढला तर ज्या कारखान्याचा बॉयलर आधीच पुरा पडत नाही, त्याला लगदा वाढविण्यास उलट मोकळीक मिळते. आम्ल घालून काळ्या द्रावातून लिग्निन साक्यासारखे खाली बसविण्याची रीत जुनी आहे. ती कारखान्याच्या प्रमाणावर परदेशांत चालूही आहे.

चिपाडाचे लिग्निन लाकडाच्या लिग्निनसारखे हुबेहूब वागत नाही. ऊस, भात, बांबू ही सर्व गवताच्या कुळातील, आणि त्यांच्या लिग्निनची घडण थोडी वेगळी असते. त्यामुळे नॉर्वे किंवा अमेरिकेतील मात्रेचे कोष्टक येथे जसेच्या तसे चालणार नाही. काँक्रीटमध्ये घालावयाच्या अशा द्रव्यांसाठी आय. एस. ९१०३ हे भारतीय मानक आहे. द्रव्य न घातलेले काँक्रीट आणि द्रव्य घातलेले काँक्रीट शेजारी शेजारी करून दोहोंची तुलना करावी, असे ते सांगते. आवळण्याचा वेळ नोंदवावा, हवा मोजावी आणि ठोकळे ठरलेल्या दिवशी फोडावेत. प्रयोगशाळेतील चाचणी २७ अंश तापमानाला होते. ज्या कामावर मे महिन्यात स्लॅब पडणार असेल, तेथे आणखी एक चाचणी दुपारी दोन वाजता, उन्हात तापलेल्या खडीवर, त्याच सिमेंटच्या पोत्यातून घ्यावी लागते.